पाचव्या ओळीचा मोठा मणी

सासूबाई गेल्या त्या वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मंगळवारी, दुपारचा चहा पिऊन झाल्यावर. कप पूर्ण रिकामा करून गेल्या. टाकून देणं त्यांना जन्मात जमलं नाही. सूनबाईने कप उचलला, धुतला, ओट्यावर पालथा घातला, आणि मागे वळून खुर्चीकडे बघितलं तर सगळं आधीच उरकलेलं होतं.

सूनबाई आता स्वतः चौसष्टची, तिच्याच दोन लेकी लग्न होऊन गेलेल्या, तरी घरात, गल्लीत, चर्चमध्ये तिला सगळे सूनबाईच म्हणायचे. एक्केचाळीस वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या. पहिली दोन भांडणात गेली, पुढची चार अबोल्यात, आणि उरलेली पस्तीस कशात गेली त्याला काय म्हणायचं हे सूनबाईला सापडत नव्हतं. ती तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरी मोजायच्या कामावर होती. दोनशे चाळीस वर गेल्या तर दोनशे चाळीसच खाली यायला हव्यात. एक कमी आली की ती घरी जायची नाही. अशा बाईला माणसंही मोजायची खोड लागते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत घरात कोण खरं रडलं, कोण रुमाल कोरडा ठेवून रडलं, आणि कोण रडता रडता फ्रीज उघडून आलं, हे तिच्या डोक्यात आपोआप नोंदलं गेलं होतं.

सासूबाई भाविक होत्या असं म्हणणं म्हणजे मासा ओला असतो असं सांगणं. दिवसभर बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायच्या, पण त्याआधी सकाळी सहाची चर्चमधली मिस्सा कधी चुकवली नाही. चाळिशीत नवरा गेला, पदरात तीन पोरं, तरी वेदीवरची पांढरी कापडं धुऊन, खळ लावून, इस्त्री करून द्यायचं काम सत्तर वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू दिलं नाही. संतांशी त्यांचे संबंध लोकांचे डॉक्टरांशी असतात तसे होते. आठ दिवसांत गुण आला नाही की संत बदलायचा. जुन्याला वाईट वाटू नये म्हणून जाता जाता एक मेणबत्ती लावायची, एवढंच.

त्यांनी एकूण चौदा फादर बघितले आणि चौदांनाही वळण लावलं. अकरावे फादर प्रवचन लांबवायचे. एका रविवारी सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं घंटेचं घड्याळ सात मिनिटं लावून पर्समध्ये ठेवलं. बरोबर सातव्या मिनिटाला पर्स खणखणली. सासूबाई इकडेतिकडे बघत राहिल्या, जणू कोण हा निर्लज्ज. पुढच्या रविवारपासून प्रवचन साडेसहा मिनिटांवर आलं.

पापांची कबुली मात्र त्या दर शनिवारी देत. नव्वदीनंतर स्वतःची पापं संपत आली. पाय चालत नव्हते, दात नव्हते, पाप करायचं कशाने? मग त्या सुरुवात करायच्या, "फादर, मला सुनेचा राग आला," आणि राग का आला हे समजावताना सुनेची सगळी पापं सांगून टाकायच्या. ऐकू कमी यायचं म्हणून आवाज मोठा. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या सात-आठ जणांना दर आठवड्याला सूनबाईची ताजी माहिती मिळायची. तिने दुधाचं पातेलं करपवलं हे तिच्या नवऱ्याच्या आधी चर्चच्या माळ्याला कळलं होतं.

आणि चहानंतर जपमाळ. हे काम सर्वांत मोठं. पन्नास लहान मणी, दहादहाच्या पाच लडी, आणि दर लडीच्या आधी एक मोठा मणी. लहान मण्यावर पवित्र मारियेची प्रार्थना, मोठ्यावर थेट देवालाच हाक, 'आमच्या बापा'. प्रत्येक मण्याला सासूबाईंनी एकेक माणूस नेमून दिलेला होता, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. कोणता मणी कोणाचा, ते मात्र ओठांतल्या ओठांत.

शेवटची तीन वर्षं त्यांना तिसरी लड संपली की डुलकी लागायची. मान खाली, माळ मांडीवर. सूनबाईला प्रार्थनेचं काही वेड नव्हतं, पण पन्नासातले तीस झालेत आणि वीस राहिलेत हे तिला बघवेना. ती हलकेच माळ काढून घ्यायची, राहिलेल्या दोन लडी मोठे मणी धरून स्वतः म्हणून टाकायची आणि माळ परत मांडीवर ठेवायची. मोजणी पुरी झाली की मगच तिला भाजी चिरणं सुचायचं.

बुधवारी दुपारी सगळे पुढच्या खोलीत जमले. दफनविधीची मिस्सा गुरुवारी अकराला ठरली होती. चौदावे फादर सांगून गेले होते की घरच्यांपैकी एकाने तीन मिनिटं आठवणी सांगाव्यात. थोरले भावोजी निवृत्त हेडमास्तर. त्यांनी लगेच खिशातून पेन काढलं. तेवढ्यात नणंदेने कपाटातून एक पाकीट आणलं. वर लिहिलं होतं: 'मी गेल्यावर उघडा. आधी उघडलंत तर मला कळेल.'

आत एकच कागद. नणंदेने वाचला. "'पेटीवर लिलीची फुलं नकोत, मला शिंका येतात. गाणं दुसरं घ्या, पहिलं फार रडकं आहे. बोलायचं सूनबाईने. थोरल्याने बोलू नये, लोकांची बस चुकते.'"

भावोजींनी पेनाचं टोपण लावलं. "आईचं वय झालं होतं," ते म्हणाले. "अशा वेळी माणूस काहीबाही लिहितं."

"तारीख वीस वर्षांपूर्वीची आहे, दादा," नणंद म्हणाली.

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. पोटात काहीतरी गोड हललं. एवढं सगळं गोत असताना आपलं नाव. तिने ट्रे ठेवला आणि गंभीर चेहरा करून साखर ढवळायला घेतली.

तो गोडवा दहा मिनिटं टिकला. कारण नणंदेने त्याच कपाटातून माळेची पिशवी काढली, आणि पिशवीत वही निघाली. हातभर लांब नाही, तळहाताएवढी. शेवटच्या पानावर पाच उभ्या ओळी. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक नाव ठळक, खाली दहा नावं बारीक.

"मणी," नणंद हळूच म्हणाली. "कोणता कोणाचा."

मग विचारता सोय नाही. शाळेचा निकाल लागावा तशी झुंबड उडाली. नणंद पहिल्या ओळीत दुसरी होती आणि तिने लगेच डोळे पुसले. सूनबाईचा नवरा तिसऱ्या ओळीत चौथा, तो म्हणाला, "मध्यावर आहे, बरं आहे, वारा लागत नाही." आणि थोरले भावोजी पाचव्या ओळीच्या डोक्यावर. ठळक.

भावोजींनी वही हातात घेतली, दूर धरली, जवळ धरली, चष्मा पुसून परत बघितली. "मोठा मणी," ते म्हणाले. "मी काही बोलत नाही. पण आईने मला मोठा मणी दिलाय. सूनबाई, हे उद्या तुझ्या बोलण्यात यायला हवं. माझ्यासाठी नाही, आईसाठी."

सूनबाईने वही घेतली आणि मोजणीला बसली. पाच ठळक, पन्नास बारीक. दोन्ही लेकी होत्या. दूधवाला होता. कधीकाळी सासूबाईंना रस्ता ओलांडताना हटकणारा वाहतूक पोलीस होता. समोरच्या घरातला घटस्फोट झालेला भाचा, चर्चचा माळी, हेही होते. दाढ चुकीची काढणारा दातांचा डॉक्टर तर चौथ्या ओळीच्या डोक्यावर. दुसऱ्या ओळीत सातवं होतं कोपऱ्यावरच्या घरातलं लंगडं कुत्रं.

ती पुन्हा मोजत गेली. वरून खाली, मग खालून वर. चादर कमी पडली की असंच करायचं असतं. पंचावन्न भरले. पंचावन्नात ती नव्हती.

"अगं, तू घरातलीच," स्वयंपाकघरात नवरा म्हणाला. "घरातल्यांचं वेगळं काय लिहायचं?"

"तुम्ही घरातले नाही?"

"मी आहे."

"ताई? पोरी? भावोजी?"

नवरा जरा विचारात पडला. तो पंप दुरुस्त करायचा. कुठे गळतंय हे शोधायची त्याला सवय होती, पण इथे हात घालायची जागा दिसेना. "दुसरी वही असेल," तो म्हणाला.

"कुत्र्याला मणी आहे," सूनबाई म्हणाली. "मी काही मागत नाही. पण कुत्र्याला मणी आहे." आणि फडकं पिळताना तिने ते इतकं पिळलं की त्याचा दोर झाला. "उद्या मी बोलणार नाही. भावोजींना सांगा पेन काढायला. ज्या बाईने एक्केचाळीस वर्षांत दहा सेकंद माझ्यासाठी काढले नाहीत, तिच्याबद्दल मी तीन मिनिटं काय बोलू?"

गुरुवारी सकाळी आठला ती काळा झगा घेऊन मागच्या गल्लीतल्या शिवणबाईकडे गेली. झगा तेरा वर्षांपूर्वीचा, बाजूने सोडायला हवा होता. शिवणबाई नव्वदीची, सासूबाईंच्या शेजारी चर्चच्या बाकावर साठ वर्षं बसलेली. दोघींनी मिळून कोरसमध्ये कधी एकही सूर बरोबर लावला नव्हता आणि कधी एकही सोडला नव्हता.

"हात वर," शिवणबाई म्हणाली. तोंडात टाचण्या. "तू बोलणार आज."

"नाही बोलणार, मावशी."

"का?"

सूनबाईने हात वर धरूनच सगळं सांगितलं. वही, पंचावन्न, कुत्रं. भावोजींचा मोठा मणीही सांगितला, आणि तो सांगताना आवाज जरा फाटला.

शिवणबाईने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. घाई केली नाही. मग हसायला लागली. आधी खांदे, मग पोट, मग खुर्ची.

"मोठा मणी म्हणजे मान वाटला होय त्याला? अगं पोरी, मोठा मणी म्हणजे अवघड गिऱ्हाईक. साधं काम असेल तर ते मारियाआईच्या हातून होतं, लहान मण्यावर. तिच्या विनवणीने भागत नाही असं प्रकरण असेल तर थेट बापाकडे. वरच्या साहेबाकडे. तुझा भावोजी एकवीस वर्षं मोठ्या मण्यावर आहे. त्याच्या आधी तिथे एक दारुडा सुतार होता. तो सुधारला, म्हणून जागा झाली."

सूनबाईचे हात आपोआप खाली आले.

"वर धर. आणि तू. तू होतीस की. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मोठ्या मण्यावर होतीस."

"मी?"

"हो. उलट बोलायचीस ना. मग लहान मण्यावर आलीस. बरीच वर्षं होतीस, दुसऱ्या ओळीत, सातवी. तीन वर्षांपूर्वी तुला काढलं आणि कुत्र्याला घातलं."

"का काढलं?"

शिवणबाईने सुई दिव्याकडे धरून दोरा ओवला. नव्वदीत एका झटक्यात. "तिसऱ्या लडीनंतर तिला झोप लागायची म्हणतात, ती काय खरी झोप होती? पहिल्यांदा लागली असेल. डोळे उघडले तर तू माळ घेऊन म्हणतेयस. दुसऱ्या दिवशी मला चर्चमध्ये म्हणाली, 'वर माझ्या आवाजाला कंटाळलेत. सत्तर वर्षं तोच आवाज, त्याच मागण्या. सूनबाईचा आवाज नवा आहे, आणि मोजणी चुकलेली तिला खपत नाही.' त्या रात्री बसून तिने वही पुन्हा लिहिली. सगळी हट्टी, न सुधारणारी माणसं चौथ्या-पाचव्या ओळीत टाकली. आणि रोज बरोबर तिसऱ्या लडीला मान टाकायला लागली. घोरायचीसुद्धा. मी म्हटलं, घोरू नकोस, पकडली जाशील."

"त्या घोरायच्या खऱ्या," सूनबाई पुटपुटली.

"तू गिऱ्हाइकांच्या यादीत कशी असशील?" शिवणबाई म्हणाली. "तू काउंटरच्या आतली झालीस."

सूनबाईच्या डोक्यात मोजणी सुरूच झाली, ती तिला थांबवता आली नाही. तीन वर्षं. मधले सासूबाई हॉस्पिटलात होत्या ते अकरा दिवस सोडून रोज. म्हणजे ज्या भावोजींचा चेहरा दारात दिसला की तिच्या पाठीत चमक यायची, ज्यांनी तिच्या लग्नात तिच्या वडिलांच्या भाषणातलं व्याकरण सुधारलं होतं, त्यांच्यासाठी तिने स्वतःच्या तोंडाने हजारावर वेळा थेट वरच्या साहेबाकडे रदबदली केली होती. हजारावर. आणि माणूस आहे तसाच. एक डाग निघाला नव्हता. धोबीखान्यात असं काम केलं असतं तर पहिल्या महिन्यात हाकलून दिलं असतं.

हे सुचलं आणि तिला हसू फुटलं. बायका चारचौघींत हसतात तसं सभ्य नाही, आतून, फेफऱ्यासारखं. शिवणबाई पुन्हा सुरू झाली. दोघी एकमेकींचे दंड धरून हसल्या, आणि झग्याची बाजूची शिवण करकरत काखेपर्यंत उसवली.

"आता अंगावरच शिवते," शिवणबाई डोळे पुसत म्हणाली. "श्वास घेऊ नकोस. आणि हसलीस तर टोचेन."

चर्च भरलं होतं. सूनबाईने दारातूनच अंदाज घेतला: तीनशे दहा, उभे धरून. पेटीवर लिली नव्हती. पुढच्या बाकावर थोरले भावोजी करड्या सुटात, पाठ सरळ, चेहरा आपला उल्लेख आत्ता येईल अशा तयारीत. त्यांच्याकडे बघायचं नाही, असं तिने घरातून निघतानाच ठरवलं होतं.

ती माईकपाशी गेली. "आई," ती म्हणाली, आणि नेमकं भावोजींकडेच बघितलं.

हसू वर आलं. तिने ओठ आवळले तर ते नाकात गेलं. नाक दाबलं तर खांद्यांत. तीनशे दहा माणसांनी बघितलं की सून हमसून हमसून रडतेय. पहिल्या बाकावरची कॉन्व्हेंटची सिस्टर उठून रुमाल देऊन गेली. मागे कोणीतरी म्हणालं, "केवढं प्रेम." त्याने तर कहर झाला. सूनबाईने रुमालात तोंड खुपसलं, काखेतले टाके एकेक करून तुटत असल्याचं तिला कळत होतं, आणि तिसऱ्या बाकावर शिवणबाई बोट उगारून बघत होती.

"माफ करा," शेवटी ती म्हणाली. "मी रडत नाहीये."

आणि मग तिने सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, चौदावे फादर हसले आणि हसता हसता त्यांनी हळूच मनगटावर नजर टाकली. कबुलीचं सांगितलं; रांगेत उभे राहणारे सात-आठ जण खाली बघायला लागले. वहीचं सांगितलं, आणि तीत आपण नाही म्हणून काल फडक्याचा दोर केला हेही सांगितलं. "मला वाटलं आईंनी मला वगळलं," ती म्हणाली. "आज सकाळी कळलं की आई तीन वर्षं झोपेचं सोंग घेऊन माझ्याकडून काम काढून घेत होत्या. मी देवाधर्माची बाई नाही. हे आईंनाही ठाऊक होतं. त्यांनी मला कधी 'प्रार्थना कर' म्हटलं नाही. फक्त मोजणी अर्धवट ठेवली. मला कुठे धरायचं हे त्या एकट्यांना माहीत होतं."

इथे तिला खरंच थांबावं लागलं, आणि या वेळी रुमाल कामाला आला.

"एक राहिलं," ती म्हणाली. "थोरल्या भावोजींचा मणी मोठा होता, हे मी आवर्जून सांगावं असं ठरलं होतं. होता. फार मोठा."

तिसऱ्या बाकावर शिवणबाईला खोकल्याची उबळ आली आणि तिला पाणी द्यावं लागलं. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओळीत ती उबळ एकीकडून दुसरीकडे पसरत गेली. त्यांना सगळ्यांना मोठ्या मण्याचा अर्थ ठाऊक होता. भावोजींनी मान किंचित लववून स्वीकार केला. मग मागे वळून त्या ओळीकडे बघितलं. मग पुन्हा समोर बघितलं, आणि बराच वेळ समोरच बघत राहिले.

मिस्सा संपल्यावर लोक पायऱ्यांवर थांबले, पेटी गाडीत चढेपर्यंत. सूनबाई काख रुमालाने झाकून एका खांबाला टेकली होती. भावोजी आले. टोपी हातात.

"तुझं बोलणं दोन मिनिटं जास्त झालं," ते म्हणाले.

"बस चुकली का कोणाची?"

भावोजींनी टोपीची कड दोनदा फिरवली. "मोठा मणी," ते म्हणाले. "तो मान नव्हे ना."

सूनबाईकडे उत्तर तयार होतं. एक्केचाळीस वर्षांचं तयार होतं, धारदार, घडी घालून ठेवलेलं. तिने त्यांच्याकडे बघितलं. सूट नवा होता, पण आतल्या सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. बायको गेल्यापासून ते एकटेच कपडे चढवायचे.

"अवघड गिऱ्हाईक," ती म्हणाली. "पण टाकून दिलेलं नाही. टाकून दिलेल्यांना मणी नसतो."

"किती वर्षं?"

"एकवीस. त्यातली शेवटची तीन माझ्याकडे होतात. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कदाचित भरभर म्हटलं असतं."

भावोजी खाली गाडीकडे बघत होते. चार माणसांनी पेटी उचलून आत सरकवली. अलगद, कारण सासूबाई शेवटी शेवटी चिमणीएवढ्या झाल्या होत्या. "काही फरक पडलाय का?" त्यांनी विचारलं. "तुझ्या मते. माझ्यात."

"आत्ता तुम्ही प्रश्न विचारलात," सूनबाई म्हणाली. "एरवी तुम्ही उत्तरं देता."

त्यांनी ते मनात नोंदवून घेतल्यासारखं केलं. गाडीवाल्याने दार लावलं. नवरा खालून हात करत होता.

"मग आता," भावोजी घसा साफ करत म्हणाले, "आता ते कोण म्हणणार?"

"एक दिवसाआड जमेल मला. माझे गुडघे दुखतात."

"आई रोज म्हणायची."

"भावोजी."

टोपी पुन्हा एक फेरी फिरली.

"बरं, सध्या रोज," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात बघू. तुमच्यावर आहे."

"बरं," भावोजी म्हणाले. आणि पायरीच्या कडेला थांबून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी तिला आधी जाऊ दिलं. सूनबाई मुद्दाम सावकाश उतरली.